पुलाच्या वरचा ओढा

टिटवीचा प्रकल्प परत आला तेव्हा पहिल्याच पानावर पेन्सिलीने दोन ओळी लिहिलेल्या होत्या. ‘यातला ओढा नेमका कुठला? तुम्ही तिथे गेला होतात का?’ खाली सरांची बारीक सही. बाकी तीस पानांवर एक खूणसुद्धा नव्हती.

टिटवी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी डोळे उघडले की तिचं तोंड सुरू व्हायचं, ते झोपेपर्यंत मिटायचं नाही, म्हणून आत्यानेच ते ठेवलं होतं. आता ती वीस वर्षांची होती, कॉलेजात साहित्य शिकत होती आणि आत्याकडेच राहत होती. आत्याचं घर कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर. वर दोन खोल्या, आणि खाली आत्याची लाँड्री. दोन मोठी धुलाईची यंत्रं, एक पिळायचं यंत्र, मागच्या अंगणात वाळवणाच्या तारा, आणि पुढच्या खोलीत घड्या घालायचं लांबलचक टेबल. दोन इस्पितळांच्या आणि एका लॉजच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल असं सगळं तिथे यायचं. एकोणीस वर्षांपूर्वी एका यंत्रावर आत्याने हे सुरू केलं होतं. बुधवार सोडला तर ते बंद राहिलेलं कुणाला आठवत नव्हतं.

टिटवी प्रकल्पाची फाइल टेबलावर टाकून स्टुलावर बसली. इस्त्री तापायची वाट बघत उभ्या असलेल्या कडककाकांनी ती उचलली. हे गृहस्थ सुरुवातीपासून आत्याकडे इस्त्रीला होते. कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हणायचं तर ते ‘कडक’ म्हणायचे, आणि वाईट म्हणायचं तर ‘चुरगळलंय’.

“विषय काय आहे?” त्यांनी विचारलं.

“साहित्य आणि पर्यावरण. मी ओढा घेतला होता. पुस्तकातला ओढा आणि आजचा ओढा.”

काकांनी चष्मा लावून चार-पाच पानं उलटली. मग परत मागे गेले, बोटाने मोजत राहिले. “यात ‘काळाची गरज’ अकरा वेळा आलंय,” ते म्हणाले. “आणि ‘झुळझुळणारा निर्झर’ सहा वेळा. चुरगळलंय हे.”

“सगळे असंच लिहितात, काका. वरच्या वर्गातल्या ताईने तिचा दिला होता. मी नावं बदलली, थोडं पुढेमागे केलं.”

“म्हणजे दुसऱ्याचा धुतलेला शर्ट नुसती इस्त्री करून घातलास.”

आत्या यंत्राचं झाकण लावून हात पुसत बाहेर आली. तिने पेन्सिलीच्या दोन ओळी वाचल्या आणि तिला त्यात रडण्यासारखं काही दिसेना. “मग जा ना,” ती म्हणाली. “विचारलंय, गेला होतात का, तर जाऊन ये. ओढा काय परदेशात आहे? गल्लीच्या टोकाला तर आहे. मी रोज पुलावरून जाते.”

असं तिला आत्यानेच पाठवलं. हे पुढे दोघींनाही बरेच दिवस आठवत राहिलं.

टिटवीने मनावर घेतलं की घेतलं. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजच्या आधी तासभर ती ओढ्यावर जायला लागली. पुलापासून खाली जायला पायवाट होती, म्हणून तिने खालूनच सुरुवात केली. वहीत तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, किती पक्षी दिसले, असं लिहायची. मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांमधून पाणी भरून आणायची, बरणीला चिठ्ठी चिकटवायची आणि वरच्या खोलीच्या खिडकीत ओळीने मांडायची. आत्या केर काढताना त्या उचलून पुसायची आणि परत जागेवर ठेवायची. पोरगी निदान काहीतरी स्वतःच्या हाताने करते आहे, याचं तिला कौतुक होतं.

पुलाखाली दीडशे पावलांवर एक भाजीचा मळा होता. तिथल्या आजी सत्तरीच्या, वाळलेल्या शेंगेसारख्या, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरचं कुत्रं उठून बसावं. पहिल्या दिवशी त्यांनी टिटवीला विचारलं, “काय हरवलंय?” टिटवी म्हणाली, “काही नाही, ओढ्याचा अभ्यास करतेय.” आजींनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, “मग चपला काढ. चपला घालून कसला अभ्यास करतेस?”

तिथून दोघींचं जमलं. दोघीही बोलणाऱ्या. आजी वाफे भिजवता भिजवता सांगायच्या आणि टिटवी पाण्यात पाय सोडून लिहून घ्यायची. पूर्वी या पाण्यात बोटाएवढे मासे पायाला येऊन टोचायचे. काठावर उन्हाळ्यात मुलं दिवसभर डुंबायची, त्यांच्या आया हाका मारून मारून घसा बसवून घ्यायच्या. आता कुणी उतरत नाही. आणि मोटरच्या नळीला लावलेली गाळणी रोज सकाळी काढून साफ करावी लागते, कारण तिच्यावर पांढरा लगदा बसतो.

“कसला लगदा?”

“मला काय ठाऊक? वरून कुणीतरी रोज लोकर पाठवतं,” आजी म्हणाल्या. “लोकर आणि फेस. आठवड्यातून एक दिवस नाही पाठवत. बुधवारी त्याचाही उपास असेल.”

टिटवीने हे शब्दशः लिहून घेतलं. बुधवारच्या बरणीतलं पाणी खरंच जरा निवळ दिसायचं, तेही लिहिलं. तीन आठवडे लिहिलं. पण आपल्या घरातला बुधवार आणि ओढ्यातला बुधवार एकच, हे तिच्या डोक्यात आलं नाही. आपल्या घराकडे संशयाने बघायची सवय कुणाला असते?

मग एका सकाळी ती पुलाच्या वरच्या अंगाला गेली. तिकडे पायवाट नव्हती. टणटणीची झुडपं आणि तुटक्या विटांचे ढीग. अंगावर ओरखडे घेत ती पाण्याच्या कडेकडेने शंभरेक पावलं गेली, तेव्हा तिला झुडपाखालून बाहेर आलेला एक जाड काळा पाइप दिसला. त्यातून गरम, राखाडी पाणी पडत होतं आणि खाली गुडघाभर फेस साठला होता. सकाळच्या उन्हात फेसावर इंद्रधनुष्याचे तुकडे हलत होते. दिसायला सुंदरच होतं ते. कडेच्या दगडांवर पांढरा लगदा वाळून कापसाच्या गादीसारखा झाला होता.

पाइप कुठून येतो ते बघायला ती उतार चढून वर गेली. वर एक भिंत होती. भिंतीपलीकडून यंत्राची घरघर येत होती आणि रेडिओवर कुणीतरी बातम्या वाचत होतं. रेडिओचा आवाज एकदम मोठा झाला. कडककाका ऐकू येईनासं झालं की असाच मोठा करतात, असं तिच्या मनात आलं, आणि तेव्हाच तिला कळलं की ती आपल्याच घराच्या मागे उभी आहे.

त्या दिवशी ती कॉलेजला गेली नाही. गावभर हिंडून संध्याकाळी घरी आली आणि डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली.

दुसरा मसुदा तिने पुलापाशी संपवला. मळा, आजी, मासे, गाळणी, बरण्या, सगळं आलं. पुलाच्या वर मात्र ‘दाट झुडपं असल्याने जाता आलं नाही’ एवढं एक वाक्य. सरांनी तो वाचला तेव्हा ती त्यांच्या टेबलासमोर उभी होती. सर वाचताना मध्ये दोनदा हसले. आजींच्या बुधवारच्या वाक्यापाशी थांबून त्यांनी ते परत वाचलं.

“आता हा खराच ओढा आहे,” ते म्हणाले. “भाषाही तुमची झाली. निर्झर गेला, बरं झालं.” मग शेवटच्या पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “पुलाच्या वर काय आहे?”

“झुडपं आहेत, सर.”

“मग झुडपांचं लिहा.”

“जाता येत नाही.”

सरांनी तिच्या हातांवरच्या ओरखड्यांकडे पाहिलं. “अजून महिना आहे,” म्हणून त्यांनी फाइल परत दिली.

टिटवी गप्प झाली. आत्याच्या घरात एक यंत्र बंद पडलं तर जेवढं लक्षात येईल, त्याहून हे जास्त लक्षात आलं. दोन दिवस आत्याने वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी लॉजच्या मोठ्या चादरी घड्यांना आल्या. त्या एकटीने होत नाहीत. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, मग चालत जवळ येऊन टोकं जुळवायची, परत लांब जायचं. या कामात समोरच्याचं तोंड चुकवता येत नाही.

“काय झालंय?” पहिल्या चादरीला आत्याने विचारलं.

“काही नाही.”

दुसऱ्या चादरीला ती म्हणाली, “वर्गात कुणी काही बोललं?”

“नाही गं.”

तिसऱ्या चादरीची टोकं जुळवताना दोघींची नाकं वीतभर अंतरावर आली, आणि टिटवी म्हणाली, “आत्या, आपलं पाणी कुठे जातं?”

“कुठे म्हणजे? गटारात.”

“गटारात नाही जात. ओढ्यात जातं. मी पाइप बघितला.”

आत्याने चादर तिच्या हातातून घेतली, घडी पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली आणि चौथी उचलली. टिटवीने तिची टोकं धरली आणि मागे मागे जात सगळं सांगितलं. फेस, लगदा, आजींची गाळणी, बुधवार. मधूनमधून ती पुढे यायची तेव्हा आवाज हळू व्हायचा, लांब गेली की मोठा. पलीकडे कडककाकांनी इस्त्री उभी करून ठेवली होती आणि रेडिओ बंद केला होता.

अकरा चादरी झाल्या. आत्या गठ्ठा बांधत म्हणाली, “आणि हे तू लिहिणार.”

“नाही लिहिलं अजून.”

“लिहू नकोस असं मी म्हणणार नाही. पण लिही असंही आज माझ्या तोंडून निघणार नाही.” तिने गाठ जरुरीपेक्षा घट्ट आवळली. “माझ्याच घरात राहून माझ्याच मोरीत डोकावत होतीस तीन आठवडे.”

“मला माहीत नव्हतं ना ती तुझी आहे.”

“मलाही माहीत नव्हतं,” आत्या म्हणाली, आणि वर निघून गेली.

हे खरं होतं. जागा घेतली तेव्हा पाइप घातलेलाच होता. नळवाल्याने ‘मागे सोडलंय’ म्हणून सांगितलं होतं, आणि मागे काय आहे ते बघायला भिंतीवरून वाकायची वेळ एकोणीस वर्षांत आली नव्हती. लोकांच्या चादरींवरचे डाग काढण्यात तिचा दिवस जायचा. मळेल ते आपण स्वच्छ करतो, एवढीच तिची स्वतःबद्दलची समजूत होती, आणि तिला त्याचा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रं सुरू करून ती अंगावरच्या प्लास्टिकच्या एप्रनसकट बाहेर पडली. कुणाला सांगितलं नाही. झुडपांतून जायचं तिला जमलं नाही, म्हणून ती पुलाखालच्या पायवाटेने उतरली आणि मळ्यापाशी आली. आजी काठावर बसून गाळणी खरवडत होत्या.

“वाट चुकलात का?” आजींनी विचारलं.

“नाही. ओढा बघायला आले.”

“हल्ली सगळ्यांना ओढा बघायचाय,” आजी म्हणाल्या. “या, बघा. हे बघा काय असतं त्यात.” त्यांनी ओला पांढरा गोळा आत्याच्या हातावर ठेवला. आत्याने तो बोटांनी उकलला. धागे होते. पांढऱ्यांत मधूनमधून निळे. मोठ्या इस्पितळाच्या चादरींना निळी किनार असते. ही किनार तिने हजारो वेळा घडीत बरोबर मध्ये आणली होती.

“कुणाची तरी चादर दिसते,” आजी म्हणाल्या.

“माझी आहे,” आत्या म्हणाली.

“तुमची चादर वाहून आली?”

“चादर नाही. लाँड्री माझी आहे. वर, उतारावर.”

आजींनी तिच्याकडे पाहिलं. एप्रन पाहिला, पाण्याने सुरकुतलेली बोटं पाहिली. आत्या बोलणी खायच्या तयारीने उभी होती. आजी जरा सरकल्या आणि म्हणाल्या, “मग बरं झालं आलात. ही गाळणी धरा. एका हाताने नीट निघत नाही.”

आत्या खाली बसली. एकीने धरायची, दुसरीने खरवडायची. गाळणीची भोकं बारीक होती, लगदा काडीने टोचून काढावा लागत होता. अर्धा तास गेला.

“रोज एवढं बसतं?” आत्याने विचारलं.

“बुधवार सोडून.” आजी हसल्या. “किती वर्षं मी वरच्या माणसाला शिव्या देतेय. रोज सकाळी, अगदी नेमाने. आता तुमचं तोंड दिसलं. आता कसल्या शिव्या देऊ? माझी पंचाईत केलीत तुम्ही.”

आत्या घरी आली तेव्हा तिचा एप्रन चिखलाने भरला होता. टिटवी जिन्यात बसली होती. आत्या म्हणाली, “तुझी ती वही आण. किती वाजता फेस जास्त असतो, ते लिहिलंयस ना?”

वही आली. साडेसात ते नऊ, फेस सगळ्यात जास्त. म्हणजे इस्पितळाच्या पहिल्या दोन खेपा. आत्याने पावडर मोजायचा मग हातात घेतला आणि उलटसुलट करून बघत बसली. मग तिला आठवलं. सुरुवातीला एक हिरवा मग होता. त्याचा कान तुटला म्हणून कुणीतरी हा निळा आणला. खेपेला तीन मग, असा हिशेब ठरलेला होता, तो तसाच राहिला. हिरवा मग माळ्यावर खिळ्यांनी भरलेला सापडला. निळा त्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

“आठ वर्षं आपण दुप्पट पावडर घालतोय,” आत्या म्हणाली.

“म्हणून तर कपडे कडक निघतात,” कडककाका म्हणाले. “कमी कराल तर चादरी पिवळ्या पडतील. इस्पितळवाले परत पाठवतील. मी आधीच सांगून ठेवतो.”

तेव्हा टिटवीने एक युक्ती काढली. सारख्या मळलेल्या तीन अभ्र्यांना आतून तीन रंगांचे दोरे घातले. लाल दोऱ्याचा निळ्या मगाच्या मापाने धुतला, पिवळ्या दोऱ्याचा हिरव्या मगाच्या, आणि हिरव्या दोऱ्याचा त्याच्याही अर्ध्या मापाने. वाळल्यावर तिन्ही काकांपुढे ठेवले, दोरे दिसणार नाहीत असे. काकांनी ते उजेडात धरले, वास घेतला, गालाला लावून पाहिले. परीक्षक म्हणून त्यांचा चेहरा फार गंभीर झाला होता. शेवटी त्यांनी एक उचलला. “हा. याला म्हणतात कडक.”

आत्याने अभ्रा उलटा केला. पिवळा दोरा होता.

“आणि सगळ्यात चुरगळलेला कुठला?”

काकांनी दुसरा दाखवला. लाल दोरा निघाला. जास्तीची पावडर नीट विसळली न जाता कापडातच राहत होती, म्हणून ते राठ लागत होतं. काकांनी दोरा बोटाने ओढून पाहिला. “इस्त्रीचा त्यात काही दोष नाही,” एवढंच म्हणाले. पण त्या दिवसापासून हिरव्या मगाची काळजी तेच घ्यायला लागले. निळ्या मगात त्यांनी खिळे भरले.

पावडर निम्मी झाली, तरी लगदा आणि फेस पूर्ण जाणार नव्हता. आत्याने नळवाल्याला बोलावलं. हा नवीन माणूस होता, तरुण, आणि त्याला असलं काम कुणी कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो खूश झाला. मागच्या अंगणात तीन खणांची टाकी बांधायची ठरली. पाइपातून पाणी आधी बारीक जाळीवर पडणार, तिथे धागे अडणार. मग पहिल्या खणात गाळ बसणार, दुसऱ्यात खडी आणि वाळू, तिसऱ्यात कर्दळ. कर्दळीच्या मुळांना साबणाचं पाणी चालतं, हे मळ्यातल्या आजींनी सांगितलं आणि कंदही त्यांनीच दिले. शिवाय शेवटच्या विसळणीचं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं, ते वेगळ्या पिंपात साठवून पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरायचं. यामुळे ओढ्याकडे जाणारं पाणीच कमी होणार होतं.

पहिल्या दिवशी टाकी तुंबली. जाळी फारच बारीक निघाली, दहा मिनिटांत तिच्यावर लगद्याची चादर तयार झाली आणि पाणी कडेने वाहून अंगणभर पसरलं. कडककाका तारेवरचे टॉवेल काढत होते. त्यांच्या चपला तरंगत तरंगत कोपऱ्यातल्या बादलीला जाऊन लागल्या. ते टॉवेलांचा ढीग उराशी धरून घोटाभर फेसात उभे राहिले आणि म्हणाले, “ओढ्याचं काम झालं. आता आमचं बघा.” आत्याला हसू आवरेना. ती पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि तिला बघून नळवालाही, जो आधी पांढराफटक पडला होता. टिटवीला त्या क्षणी वाटलं, आता लिहिता येईल.

जाळी बदलली. मग टाकी नीट चालली.

टिटवीने पुलाच्या वरचा भाग लिहिला आणि सरांच्या आधी आत्याला वाचायला दिला. आत्या यंत्रांच्या आवाजात, चष्मा नाकावर, वाक्यावाक्याला बोट ठेवून वाचत होती. एका ठिकाणी थांबली.

“हे काय? ‘परिसरातील एका धुलाई केंद्रातून’?”

“तुझं नाव नको म्हणून.”

“सरांना घर माहीत आहे, गल्लीला लाँड्री माहीत आहे. केंद्र कसलं? आत्याची लाँड्री लिही. आणि निळ्या मगाचं सगळं लिही, लपवू नकोस. कुणाकडे तरी असेल तसा मग.” मग आणखी दोन पानांनंतर ती म्हणाली, “फेस गुडघाभर होता म्हणतेस. टाकीच्या आधी मी भिंतीवरून वाकून बघितला, तो घोट्याच्या वर होता. गुडघ्याला नव्हता.”

“तू वाकून बघितलंस तेव्हा उशीर झाला होता. नऊ वाजून गेले होते.”

“मग वेळ लिही.”

वेळ लिहिली.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या, प्रश्न विचारायला कडक म्हणून नाव असलेल्या. त्यांनी फाइल उघडून पहिलाच प्रश्न विचारला, “ही लाँड्री तुमच्या आत्याची. मग तुम्ही तटस्थपणे लिहिलंय हे मी कशावरून मानू?”

“तटस्थपणे नाही लिहिलं, बाई,” टिटवी म्हणाली. “मला फार वाईट वाटत होतं. पण मोजलं ते नीट मोजलं. बरण्या आणल्या आहेत.” आणि तिने पिशवीतून एकेक बरणी काढून टेबलावर मांडली. परीक्षक बाईंनी प्रत्येक चिठ्ठी वाचली. शेवटच्या बरण्या टाकी झाल्यानंतरच्या होत्या. त्यांतलं पाणी आधीच्यांपेक्षा निवळ होतं, पण बुधवारच्या बरणीइतकं नव्हतं.

“म्हणजे पूर्ण सुधारलेलं नाही.”

“नाही. साधारण निम्मं. आणि बुधवारीही ते एकदम चांगलं नसतं. वर अजून दोन पाइप आहेत. एक गॅरेजचा आहे. दुसरा कुणाचा, ते अजून सापडलं नाही.”

बाईंनी मान हलवली आणि आणखी काही पानं उलटली. मग एका वाक्यावर पेन ठेवून विचारलं, “‘नदीला तोंड असतं तर ती बोलली असती असं लोक म्हणतात. ती बोलतेच, फक्त गाळणीतून बोलते, आणि गाळणी साफ करणाऱ्यालाच ऐकू येतं.’ हे कुठल्या पुस्तकातलं? खाली संदर्भ नाही.”

“मळ्यातल्या आजींचं आहे. त्या बोलल्या तसं लिहिलंय.”

बाई आणि सर एकमेकांकडे बघून हसले. “मग संदर्भसूचीत त्यांना घाला,” बाई म्हणाल्या. “नाहीतर चोरी होईल.”

निकाल चांगला लागला. वर्गात ती दुसरी आली. पहिला आलेला मुलगा शब्दांची व्युत्पत्ती शोधणारा होता आणि त्याच्या पहिलेपणाबद्दल कुणाला शंका नव्हती, टिटवीलाही नाही.

मळ्यात बातमी सांगायला दोघी मिळून गेल्या. बुधवार होता, लाँड्रीला सुट्टी. आत्याने किटलीत चहा नेला होता. आजी गवारीच्या ओळीत बसून शेंगा तोडत होत्या. संदर्भसूची म्हणजे काय, हे टिटवीला समजावून सांगावं लागलं. ज्यांच्याकडून शिकलो त्यांची नावं पुस्तकाच्या शेवटी लिहितात, असं तिने सांगितलं.

“आणि माझ्या आधी कुणाची नावं आहेत?”

“मोठमोठ्या प्राध्यापकांची.”

“त्यांच्या मळ्यात काय होतं?”

“मळे नसतात त्यांचे, आजी.”

आजींना वाईट वाटलं. त्यांनी टोपलीतून मूठभर शेंगा काढून टिटवीच्या ओंजळीत टाकल्या, त्या प्राध्यापकांसाठी.

चहा झाल्यावर आत्या पाण्याच्या कडेला जाऊन बसली आणि तिने चपला काढल्या. पाणी थंड होतं. तळाचे दगड दिसत होते, सगळे नाही, कडेचे दिसत होते. मासे नव्हते. पण उंच पायांचा एक बारीक पक्षी पलीकडच्या चिखलात चालत होता आणि दर दोन पावलांना चोच खुपसून काहीतरी उचलत होता, म्हणजे तिथे उचलण्यासारखं काहीतरी होतं.

“गॅरेजवाला तुला ओळखतो का?” टिटवीने विचारलं.

“त्याचे डगले माझ्याकडेच धुवायला येतात,” आत्या म्हणाली. “उद्या द्यायचे आहेत. मीच घेऊन जाते.”

“काय सांगणार त्याला?”

“आधी मगाची गोष्ट सांगेन. स्वतःचं सांगितलं की माणूस बसून ऐकतो.” तिने पाय पाण्यात आणखी खोल सोडले. “मग म्हणेन, चल, जरा मागे काय आहे ते बघून येऊ.”

आजींनी मागून हाक मारली की शेंगा निवडायला हात हवे आहेत. दोघी ओल्या पायांनीच उठल्या आणि गवारीच्या ओळीत शिरल्या.